एकोणिसाव्या पायरीखाली

चंद्रकोरी उलट्या होत्या. एवढंच झालं. छत कोसळलं नाही, वाचनालयात पेपर वाचत बसलेल्या माणसांपैकी एकानंही मान वर केली नाही. पण गोल जिन्याच्या आठव्या पायरीवर उभा राहून, मान मोडेस्तोवर मागं टाकून मी एकोणिसाव्या पायरीच्या पोटाकडे बघत होतो, आणि महिन्यापूर्वीच मोतीबिंदू काढलेल्या माझ्या डोळ्याला लख्ख दिसत होतं की ज्या जोडावर मी बेचाळीस वर्षं मिरवलो, त्या जोडातल्या चंद्रकोरींची तोंडं भलतीकडे आहेत. खाली ग्रंथपाल बाई हातात कागद-पेन घेऊन उभी होती. तरुण, नीटस, प्रत्येक गोष्ट लिहून घेणारी. नवा रंग लावायचा म्हणून तिनं जिन्याचा जुना रंग खरवडून काढायला लावला होता, आणि उघडं लोखंड बघून तिच्या मनात आलं होतं की एवढा देखणा जिना कोणी केला ते तिथं लिहिलेलं असावं. पितळेची लहानशी पाटी. मजकूर शुक्रवारी कोरायला जाणार होता. "काका, नुसतं नाव लिहू की पुढे वेल्डर असंही लिहू?" तिनं खालून विचारलं. मी म्हटलं, थांब जरा, मान अवघडलीय. त्या जिन्याविषयी बेचाळीस वर्षांत मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य असावं.

चंद्रकोरींचं सांगायला हवं, नाहीतर म्हणाल म्हातारा चळला. लोखंडाला लोखंड जोडताना रॉडच्या टोकाशी एक लहानसं तळं तयार होतं, वितळलेलं, पांढरंशुभ्र, थरथरतं. हात पुढे सरकतो तसं ते तळं पुढे सरकतं आणि मागचा काठ थिजत जातो. थिजताना एक कोर उमटते. मग दुसरी, मग तिसरी. चांगल्या हाताच्या कोरी एकीवर एक अशा बसतात की एकीलाही दुसरीपेक्षा मोठं व्हायचं नसतं. आणि प्रत्येक कोरीची पाठ असते निघाल्या गावाकडे आणि तोंड जायच्या गावाकडे. म्हणजे जोड बघून सांगता येतं की हात कुठून निघाला आणि कुठे गेला. उजव्या हाताचा माणूस डावीकडून उजवीकडे जातो. मी आयुष्यभर तसाच गेलो. अगदी झोपेतसुद्धा तसाच, असं मी सांगत असे, आणि पुढे हेही सांगत असे की एकदा झोपेत मी पलंगाचा मोडका पाय जोडून टाकला होता आणि सकाळी बायकोनं मला शाबासकी दिली होती. तर एकोणिसाव्या पायरीखालच्या कोरी उजवीकडून निघून डावीकडे गेल्या होत्या. एकूण एक. वितभर लांबीत एक चुकार नाही. आणि त्या सुंदर होत्या हो. मी चिडायच्या आधी, घाबरायच्या आधी, मला पहिल्यांदा काय झालं असेल तर तोंडाला पाणी सुटलं. डोक्यावरचं काम होतं ते. वितळलेलं लोखंड खाली ओघळायला बघतं, मनगटावर, बाहीत, कॉलरीत ठिणग्या पडतात, आणि माणूस श्वास धरून त्या तळ्याला वरच्या वर लटकवून ठेवतो. इथं ते एकदाही ओघळलं नव्हतं. मी आणखी एक पायरी चढलो. विसावी, तसंच. एकविसावी, तसंच. मग मी जिना उतरून, गुडघ्यांना शिव्या घालत, खालच्या पायऱ्यांच्या पोटाखाली वाकलो. पहिलीपासून तेरावीपर्यंत सगळ्या कोरी सरळ, डावीकडून उजवीकडे, माझ्या. काम वाईट नव्हतं. काम चांगलंच होतं. पण कुठे कोर जाड झालेली, कुठे थोडी घाई झालेली, कुठे एखादा गोळा गालफुगी झाल्यासारखा. चौदाव्या पायरीपासून वर दुसराच कोणीतरी राहत होता.

बाईला मी म्हटलं, उद्या येऊन सांगतो. ती म्हणाली, काका, नाव तर तुम्हाला पाठ असेल ना. हसलो आणि बाहेर पडलो.

तेरा. हा आकडा मला चांगला आठवत होता, हीच तर मेख. तेराव्या पायरीपर्यंत जिना मोकळ्या दिवाणखान्यासारख्या जागेतून चढतो, आणि तिथून वर माळ्याची भिंत अंगाला येते. भिंत आली की उजव्या माणसाचा कोपर त्या भिंतीवर आपटतो आणि हात मधल्या खांबापर्यंत नीट पोचतच नाही. चार दिवसांवर उद्घाटन, आणि मी चौदाव्या पायरीशी कोपर सोलून घेत बसलो होतो. एका हातात रॉड पकडायचा होल्डर, दुसऱ्या हातात काळी काच धरायची, तर दुसऱ्या हाताला जागाच नाही. तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो मी, आणि माझी छाती माझ्यापुढे चार पावलं चालायची. हाताखाली काम करणाऱ्या मेहुण्याला म्हटलं, काच ठेव बाजूला, मी डोळे मिटून टाके मारतो. टाका म्हणजे पुरा जोड नव्हे, पायरी जागेवर धरून ठेवायला मारलेला एक ठिपका. चौदापासून सत्तावीसपर्यंत सगळ्या पायऱ्यांना मी असे बिनकाचेचे टाके मारले. दर वेळी डोळे मिटत होतो, पण एक डोळा किलकिला राहतच होता, कारण आपलं काम बघितल्याशिवाय माझ्याच्यानं राहवत नाही. दिवस मावळेपर्यंत डोळ्यांत कोणीतरी मूठभर वाळू भरली होती. पुढचे तीन दिवस मी घरी, खिडक्यांना चादरी लावलेल्या, डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या आणि ओलं फडकं, आणि तोंडानं अखंड बोलणं. तेव्हा मी बायकोला ती कोंबडीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. माझ्या वेल्डिंगच्या उजेडाला सूर्य समजून शेजारची कोंबडी दिवसाला तीनदा अंडं घालू लागली आणि शेवटी दमून गाव सोडून गेली, ती. बायको हो हो म्हणत होती. ती सकाळी स्वयंपाक उरकून बाहेर जायची आणि दिवस कलता यायची. कुठे जातेस विचारलं तर म्हणायची, वर्कशॉपवर, भावाला डबा द्यायला. एवढा वेळ डबा द्यायला लागत नाही हे माझ्या ध्यानात आलं नाही, कारण मी गोष्ट सांगत होतो, आणि गोष्ट सांगत असताना समोर श्रोता आहे की उशी याचा मी फार विचार करत नाही.

तिसऱ्या दिवशी मी हट्ट धरला, जिना दाखवा. डोळ्यांवर फडकं, बायकोनं एक हात धरलेला, मेहुण्यानं दुसरा. आठव्या पायरीवर मला उभं केलं. हात वर करून मी अंगठा फिरवला. अंगठ्याला चढउतार कळतो, दिशा कळत नाही. ही चूक आंधळा करणार नाही आणि डोळस करणार नाही, ती डोळ्यांवर पट्टी बांधलेला वेल्डरच करणार. माझ्या अंगठ्याखालून त्या कोरी अशा सरकत गेल्या की मला बोलायला सुचेना, आणि असा प्रसंग माझ्यावर क्वचित येतो. मी विचारलं, ही कितवी. मेहुणा म्हणाला, एकोणिसावी, दाजी. मी विचारलं, मी कितवीपर्यंत आलो होतो रे. मेहुणा जरा थांबला. तो थांबला हे मला आज आठवतंय, तेव्हा आठवलं नाही. "विसापर्यंत आला होता की दाजी," तो म्हणाला, "मी आपल्या शेवटच्या सात उरकल्या कशाबशा." माझ्या आठवणीत तेरा होत्या. पण विसाचा आकडा कानात पडला आणि मला विसाच्या विसा आठवायला लागल्या. चौदावीच्या वेळी घाम कसा आला होता, सतरावीला रॉड कसा संपला होता, एकोणिसावीला श्वास कसा आपोआप थांबला होता, सगळं. माणसाचं डोकं मोठं कसबी आहे. दोन न जुळणारे तुकडे असे जोडतं की जोड दिसत नाही. मी फडक्याआडून जाहीर केलं की एकोणिसावीसारखा हात पुन्हा होणे नाही. माझा स्वतःचासुद्धा नाही. बायकोनं धरलेला हात जरा जास्त घट्ट धरला, तो मी पडेन म्हणून असेल असं समजलो. डोळे बरे होऊन मी गेलो तेव्हा रंगाऱ्यानं जिन्यावर काळ्या रंगाचे तीन हात चढवले होते, आणि त्या रंगाखाली बेचाळीस वर्षं सगळं गुण्यागोविंदानं नांदलं.

घरी जायला मला एरवी वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी दीड तास लागला. नव्या डोळ्यानं मला सगळीकडून घेरलं होतं. बस थांब्याचा कठडा, माझा. शाळेचं फाटक, माझं. चौकातल्या दवाखान्याची खिडकीची जाळी, माझी. आणि प्रत्येक ठिकाणी मी थांबून वाकून बघत होतो, कोरी कुठल्या बाजूला. सरळ. सरळ. सरळ. एका बाईनं विचारलं, आजोबा काही पडलंय का. हो म्हटलं, शोधतोय. खरं तर काय पडलं होतं ते मला कळत होतं. एकोणिसावी पायरी काढली तर माझ्या हाताचं काय उरतं? बेचाळीस वर्षं जो पाहुणा घरी आला त्याला मी चहाच्या आधी वाचनालयात नेला आहे. आठव्या पायरीवर उभं करून, हात वर करायला लावून, अंगठा फिरवायला लावला आहे. व्याही, त्यांचे शेजारी, डोळ्यांचा डॉक्टरसुद्धा. नवरदेव म्हणून आलेल्या जावयाला तर मी मांडवातून थेट तिथं नेणार होतो, बायकोनं अडवलं. आणि त्याच दमात एकविसावी दाखवायची, बघा, ही माझ्या मेहुण्याची, लागतंय का खडबडीत, मुंगळा चालून गेल्यासारखं? मेहुणा काटकुळा, काळाभोर, तोंडापुढे काच धरली की डोकं शरीरापेक्षा मोठं. मुंगळा हे नाव त्याला मीच दिलेलं. पाहुण्यांना एकविसावी खडबडीत लागायची. मलाही लागायची. एकाच हाताच्या दोन पायऱ्या, आणि एक रेशमासारखी, दुसरी मुंगळ्यासारखी. बस थांब्यापाशी हे माझ्या ध्यानात आलं आणि मी मोठ्यानं हसायलाच लागलो. शेजारी उभा माणूस दोन पावलं सरकला. आयुष्यात मी शेकड्यानं थापा मारल्या, पण इतकी सफाईदार, बिनजोड, जिच्यात मारणारा स्वतःच अडकून बसला अशी थाप ही एकच. हिचाही अभिमान वाटावा असं काहीतरी तिच्यात होतं.

आणि हसता हसता तो डावा हात माझ्या डोळ्यांपुढे आला. आला म्हणजे कधीचा समोरच होता. रोज सकाळी माझ्यापुढे कप ठेवणारा, भाजी चिरणारा, दार लावणारा, मुलीच्या वहीत चित्र काढून देणारा, माझ्याकडे बोट दाखवून पुरे म्हणणारा. भिंत उजव्या कोपराला आडवी येते. डाव्याला येत नाही.

मी दारात शिरलो तेव्हा ती खिडकीशी बसून शेंगा सोलत होती, डाव्या अंगठ्यानं दाबून, टप, टप. मी चप्पल न काढता विचारलं, चौदावीपासून वरच्या पायऱ्या कोणी केल्या. तिनं शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले, साल बाजूला टाकलं. मग म्हणाली, रंग काढला वाटतं. एवढंच. बेचाळीस वर्षांच्या गुपिताला मी जरा बऱ्या वागणुकीची अपेक्षा केली होती. मग तिनं सांगितलं ते असं: जेवून मी वर्कशॉपात टेबलाखाली अर्धा तास घोरत असे, तेवढ्या अर्ध्या तासात तिनं दोन वर्षं भंगाराच्या तुकड्यांवर हात बसवला होता. भाऊ शिकवायचा आणि माझ्याकडे लक्ष ठेवायचा. म्हणजे रॉड भराभर संपतात म्हणून मी मुंगळ्यावर ओरडायचो, रॉड खातोस काय, तेव्हा तो मान खाली घालून हो म्हणायचा. जिना अडला तेव्हा भावानं दोन तास कोपर फोडून घेतला आणि होल्डर तिच्या हातात दिला. तिनं तीन दिवसांत चौदा पायऱ्या केल्या. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा लहान निघाला.

"सांगणारच होते," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी जिन्यावरच सांगणार होते. पण तुम्ही अंगठा फिरवलात आणि म्हणालात, असा हात पुन्हा होणे नाही. आता याच्यावर मी काय बोलायचं होतं? सांगितलं असतं तर तुम्हाला दुसऱ्या मिनिटाला त्यात खोट दिसली असती."

मी म्हटलं, मला खोट दिसली नसती. तिनं माझ्याकडे पाहिलं. बरं, दिसली असती, मी म्हटलं.

"दिसलीच असती. आणि मग अहो, दर पाहुण्यापुढे माझं कौतुक कोणी केलं असतं? कुठल्या नवऱ्यानं बायकोच्या कामाचं बेचाळीस वर्षं इतकं गोड गोड वर्णन केलंय ते सांगा. मी मागं ट्रे घेऊन उभी राहायची आणि ऐकायची. व्याही आले तेव्हा तर तुम्ही म्हणालात, ती पायरी नाही, तो श्वास आहे. मी आत जाऊन रडले होते."

मला ते वाक्य आठवत होतं. मी बोललेल्या सगळ्यांत मोठ्या थापांपैकी एक म्हणून ते मी जपून ठेवलं होतं. आता ते एकदम खरं होऊन माझ्यापुढे बसलं आणि मला त्याच्याशी कसं वागावं ते कळेना. मी चप्पल काढली. तिच्याजवळ बसलो. तिचा डावा हात हातात घेऊन उलटा केला. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन पांढरे डाग होते, मसुराच्या डाळीएवढे. फोडणी उडाली, असं तिनं तेव्हा सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. माझ्या स्वतःच्या मनगटावर असे सतरा आहेत आणि प्रत्येकाची मी वेगळी गोष्ट सांगतो, आणि तरी मला ठिणगीचा डाग ओळखता आला नव्हता. डोळ्यात मोतीबिंदू आता झाला म्हणतात. मला वाटतं जुना होता.

मेहुणा आता मुलीकडे दुसऱ्या शहरात असतो. त्याला फोन लावला. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, कळलं का दाजी. म्हणजे ताईनं आधीच लावला होता. बेचाळीस वर्षं माझी एकविसावी निमूट ऐकून घेतलीस, वाईट नाही वाटलं, असं विचारल्यावर तो इतका हसला की खोकला लागला. म्हणाला, दाजी, मी शेवटच्या सात उरकल्या असं म्हणालो तीच माझी आयुष्यातली एक थाप. तुमच्या घरात बहीण दिली म्हणून एक मारून बघितली. बसली बरी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वाचनालयात गेलो. मी रस्ताभर ठरवत होतो, कसं सांगायचं, आणि मग ठरवलं की काहीच लावायचं नाही, आहे तसं सांगायचं. ग्रंथपाल बाईपुढे उभं राहून मी सरळ सांगितलं की पाटीवर हिचं नाव घाला, अर्ध्याहून अधिक जिना हिनं केलाय आणि तो अर्धा अधिक चांगला आहे. बाई हसली. कौतुकानं हसली, तेच वाईट. काका, तुमच्या गोष्टी म्हणजे, असं म्हणाली. परवा ती कोंबडीची मी घरी सांगितली, सगळे लोळले. मी म्हटलं, ही गोष्ट नाही. ती म्हणाली, हो ना, हेसुद्धा तुम्ही दर वेळी म्हणता. मी चंद्रकोरी समजावल्या, पाठ, तोंड, डावा, उजवा, भिंत. ती जिन्याखाली आली, डोळे बारीक करून बघितलं, आणि तिला सगळ्या रेघा सारख्याच दिसल्या. पेपर वाचणाऱ्यांतला एक जण म्हणाला, थापामास्तर, वहिनींना उगाच संकोचात टाकताय. मी एकाहत्तर वर्षांचा माणूस घामानं निथळत होतो. माझ्या जवळ शब्दांचा एवढा साठा, आणि त्यातला एकही कोणी घेईना. सगळ्यांवर माझाच शिक्का. उद्या शुक्रवार. पाटीवर माझं नाव कोरलं जाणार, पितळेत, आणि मी मेल्यावरसुद्धा त्या जिन्यापाशी उभा राहून ते नाव खोटं बोलत राहणार. बायको म्हणाली, राहू द्या हो, चला. ती खरंच तसं म्हणाली आणि खरंच वळली. आणि मला कळलं की हे राहू दिलं तर माझ्या घशाखाली चहा उतरणार नाही.

त्याच वेळी बाई म्हणाली की नाहीतरी आज जिन्यावर चढूउतरू नका, रंग खरवडताना सहाव्या पायरीखाली एक जोड तडकलेला निघालाय, वेल्डर मशीन घेऊन दुपारी येतोय.

बायको थांबली. पाठ आमच्याकडेच होती, पण तिचा डावा हात पिशवीच्या बंदावरून सुटला आणि बोटं एकदा मिटली, उघडली. "मशीन आणणार आहे ना?" ती न वळता म्हणाली. "मग त्याला सांगा, होल्डर मला द्यायचा."

दुपारपर्यंत मी किती वेळा मेलो ते सांगत नाही, सांगितलं तर त्यालाही थाप म्हणाल. अडुसष्टाची आहे ती. सकाळी कप भरताना बशीत चहा सांडतो. बेचाळीस वर्षांत होल्डर धरलेला नाही. सगळ्यांत सोपं काम नाही, सगळ्यांत अवघड, डोक्यावरचं. रॉड चिकटला तर? लोखंड ओघळलं तर? लोक हसतील, प्रेमानं हसतील, काकूंनी प्रयत्न केला म्हणतील, आणि काकाची आणखी एक गोष्ट होईल. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, नको. ती म्हणाली, गप्प बसा जरा, मला आठवू द्या. तिनं वाचनालयाच्या बाकावर बसून डोळे मिटले होते आणि डावं मनगट मांडीवर हळूहळू सरकत होतं, इंचभर, आणखी इंचभर.

वेल्डर आला तो चाळिशीचा, जाडजूड, घाईत. माझी बायको होल्डर मागते म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि का कोण जाणे, धंद्यातला माणूस म्हणून त्यानं माझी मान खरी मानली. तडकलेला जोड त्यानं घासून मोकळा केला. तिनं पदर खोचला, त्याचा कातडी हातमोजा चढवला, तो उजव्या हाताचा होता, काढला, आणि आपलीच जाड शाल हातावर गुंडाळली. सहाव्या पायरीखाली तिला एक स्टूल दिलं. ती बसली, खांद्याला खांब टेकवला, रॉड दोनदा हवेत उतरवून बघितला. वेल्डरनं एक काच तिला दिली आणि दुसरी, जुनी, मला. बाकीच्यांना तोंडं वळवायला सांगितली. मी काच डोळ्यांपुढे धरली आणि जग काळं झालं.

मग काडी ओढल्यासारखा आवाज, आणि एक रॉड चिकटल्याचा, वाईट, ओळखीचा, ठक असा. काळ्यात काही नाही. मागे कोणीतरी खाकरलं. मी काच खाली घेतली नाही. पुन्हा काडी, आणि या वेळी तो हिरवट तारा लागला.

माझ्या आयुष्यात मी हजारो वेळा तो तारा लावला आहे, पण बाजूला उभं राहून, दुसऱ्याच्या हातातला, तिच्या हातातला, कधी बघितला नव्हता. आधी तो थोडा लडखडला. मग आवाज बसला. उकळत्या तेलात एकसारखं काहीतरी टाकत राहावं तसा, ना चढ ना उतार, आणि तो आवाज ऐकला की वेल्डरला पोट भरल्यासारखं होतं. तळं दिसत होतं, लहानसं, लटकलेलं, पडू पडू म्हणणारं आणि न पडणारं. त्याच्या काठाशी तिच्या हाताची सावली. हात थरथरत होता, खरंच थरथरत होता, आणि मला दिसलं की ती त्या थरथरीलाच कामाला लावते आहे. प्रत्येक थरथरीला एक कोर. उजवीकडून डावीकडे. माझ्या छातीत कुठेतरी घट्ट बसलेलं काहीतरी मऊ झालं आणि वाहायला लागलं, आणि तेही खाली पडेना. मला वाटलं, ही बाई अशी गेली असेल चौदा पायऱ्या वर, एकटी, छताकडे, आणि मी घरी बटाटे लावून कोंबडीची गोष्ट सांगत होतो. मला वाटलं, हे असंच चालू राहावं, सहाव्या पायरीला शेवटच असू नये. शेवट आला. ती शेवटाशी जरा मागे आली, टोकाशी राहणारा खड्डा भरला, आणि तारा विझला.

जोडावर धरलेली काळी खपली थंड होत होती. कोणी हातोडी उचलायच्या आधी ती एका टोकाला टचकन सुटली, वर वळली, आणि आपली आपण गळून खाली पडली. हातोडी लागली नाही. खपली अशी स्वतःहून सुटणं म्हणजे जोड निखळ बसणं, हे त्या खोलीत तिच्याखेरीज दोनच माणसांना कळलं, आणि त्यातला दुसरा, तो घाईतला वेल्डर, स्टुलाशी खाली वाकला, तोंड वर करून बराच वेळ बघत राहिला. मग तो तीन-चार पायऱ्या चढून वर डोकावला, चौदावी, पंधरावी, आणि उतरून ग्रंथपाल बाईला म्हणाला, हाच हात आहे, वरपर्यंत. बाईनं कागदावरचं माझं नाव खोडलं. तिनं बायकोला नाव विचारलं. बायकोनं सांगितलं, अक्षर न् अक्षर सुटं करून, आधी स्वतःचं, आणि तिथंच थांबली. मीही पुढचं सुचवलं नाही.

"आणि हा तडकलेला कोणाचा होता?" वेल्डरनं विचारलं. त्याला काही टोचायचं नव्हतं, धंद्यातली चौकशी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुंगळ्याचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं, बेचाळीस वर्षांची सवय, आणि तो दुसऱ्या शहरात होता, आणि त्याला वाईटही वाटलं नसतं.

"माझा," मी म्हटलं.

आणि गंमत बघा, कोणीच हसलं नाही. कोणी म्हणालं नाही, थापामास्तर, पुरे. सगळ्यांनी माना डोलावल्या, ग्रंथपाल बाईनंसुद्धा, जसं काही माझ्या तोंडून सूर्य पूर्वेला उगवतो एवढंच बाहेर पडलं होतं. मी उभा राहिलो, मला वाटलं होतं त्यापेक्षा सुखात.

बायकोनं हातावरची शाल सोडवली. त्या जागेकडे एकदा वर बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बेचाळीस वर्षं धरून होता की," ती म्हणाली, "काय वाईट आहे?"